डेमोतला स्वार

मी जुने व्हिडिओ गेम नव्या यंत्रावर चालवून बघतो आणि त्याचा मला पगार मिळतो. हे वाक्य मी परभणीत उच्चारत नाही. तिथे आई शेजाऱ्यांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते, आणि ते काही खोटं नाही. आमच्या लहानपणीचा, कॅसेटवरचा एखादा गेम घ्यायचा, आजच्या कन्सोलवर चालवायचा आणि कुठे आवाज अडकतो, कुठे रंग बिघडतो, कुठे वेग चुकतो ते कंपनीला कळवायचं. खेळायचं कमी, बघत बसायचं जास्त. माझ्यासारख्या संशयी माणसाला शोभणारंच काम आहे.

कंपनी हिंजवडीत असली तरी मला तिथे जावं लागत नाही, म्हणून आम्ही रिहे गावात राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण जुईली. घरमालकीण रंभाबाईंच्या घराला लागून आमच्या दोन खोल्या, पुढे भातखाचरं, मागे डोंगर. फार्महाऊसवाल्यांनी स्वतःसाठी इंटरनेटची वायर ओढून आणली, तिचा फायदा आम्हालाही झाला. जुईली मात्र रोज हिंजवडीला जाते. तिच्या कंपनीची कॅब अख्खं जग फिरून घोटावड्याला सोडते, पुढे येतच नाही, म्हणून तिने स्कूटर घेतली. संध्याकाळी ‘निघाले’ असा मेसेज टाकते आणि माण, घोटावडे, मग खिंडीचा चढ करत घरी येते. मधल्या पट्ट्यात फोन लागत नाही. मी तिला एकदा म्हणालो, निदान रेंज आहे तिथवर लोकेशन चालू ठेवत जा.

“मी काय पार्सल आहे का?” ती म्हणाली. विषय संपला.

दिवाळीनंतर माझ्याकडे मोटारसायकलचा एक गेम आला. ठिपक्यांचा रस्ता, ठिपक्यांचं गवत आणि गाडीवर ठिपक्यांचाच स्वार. असे गेम सुरू करून नुसते सोडून दिले, एकही बटण दाबलं नाही, की थोड्या वेळाने ते आपले आपण खेळू लागतात. त्याला डेमो म्हणतात. पूर्वी दुकानाच्या काचेमागे टीव्ही ठेवून गिऱ्हाईक ओढायची ती सोय होती. लोकांना वाटतं, हा व्हिडिओ आहे. तसं नसतं. कुणीतरी एकदा खेळताना दाबलेली बटणं साठवलेली असतात. आता डावीकडे, आता ब्रेक, आता वेग. यंत्र तीच बटणं पुन्हा दाबतं. नव्या कन्सोलचा वेग केसभर जरी निराळा असला तरी बटण दाबलं जातं तेव्हा वळण अजून आलेलंच नसतं. मग स्वार कुंपणाला धडकतो, उठतो, पुन्हा धडकतो. बघायला मजा येते. पण बटणं तीच आणि यंत्र तेच, त्यामुळे चूकसुद्धा दर वेळी तीच व्हायला हवी.

माझा स्वार धडकला नाही. नीट, सावकाश चालला होता. मिनिटभरात संपणारा डेमो लांबत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावला तर तो निराळाच चालला, वळणंही निराळी. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात असं झालं नव्हतं.

रंभाबाई दूध घेऊन आल्या की दाराच्या चौकटीला टेकून टीव्ही बघायच्या.

“ह्यो गडी रोज कुटं निगतो?”

“कुठे नाही. आपोआप चालतो तो.”

“आपोआप कसा चालंल? कुनीतरी चालवतंयच की,” त्या म्हणाल्या आणि पातेलं घेऊन गेल्या.

एका संध्याकाळी स्वार भर रस्त्यात थांबला. डेमो गोठतो, असं मी लिहायला घेतलं. लिहून होईपर्यंत तो पुन्हा निघाला. जुईली आली ती वैतागूनच. माणच्या चौकात टँकर आडवा झाला होता आणि सगळी वाहनं इंजिन बंद करून उभी होती. मला हसू आलं, तिला मी काही बोललो नाही. पुढे एकदा स्वार डावीकडे गवतात उतरला, डगमगला आणि परत रस्त्यावर आला. जुईली घरात शिरली तेव्हा तिचा डावा बूट चिखलाने भरला होता.

“म्हशी,” ती म्हणाली. “कडेला घालावी लागली गाडी.”

तेव्हा मात्र मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“दादा, तू लग्न कर. रिकामं डोकं फार झालंय तुझं.”

रविवारी मी तिला टीव्हीसमोर बसवलं. दोघांनी चहाचे कप घेतले. डेमो सुरू झाला. स्वार सुरुवातीच्या रेघेवर उभा होता. इंजिनाची टरटर चालू, मागे धुराचे दोन ठिपके उमटायचे आणि विरायचे. तो निघालाच नाही. आम्ही बराच वेळ बघत राहिलो. जुईलीने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला.

“बंद कर ते,” ती म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती.

सोमवारी मी माझ्या धंद्याला धरून वागलो. संशय आला की चाचणी घ्यायची. डेमो चालू असताना कुठलंही बटण दाबलं की तो थांबतो आणि गेमचा पहिला पडदा येतो, सगळ्या जुन्या गेममध्ये हे असंच असतं. स्वार चढावर होता तेव्हा मी बटण दाबलं. पहिला पडदा आला.

जुईली खूप उशिरा आली. स्कूटर ढकलत आली. खिंडीच्या चढावर गाडी एकाएकी मेली होती. दिवा नाही, हॉर्न नाही, काही नाही. मागून येणाऱ्या जीपने कशीबशी बगल दिली. “थोडक्यात वाचले,” असं म्हणून ती तांब्याभर पाणी प्यायली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी घोटावड्याला शहनवाजच्या गॅरेजवर नेली. तिथे ती पहिल्याच बटणाला सुरू झाली. तरी त्याने सगळं खोलून बघितलं.

“काय बी झालेलं न्हाई, भाऊ,” शहनवाज हात पुसत म्हणाला. “बंद पडायला कारन तर पायजे ना.”

घरी आल्याबरोबर मी कन्सोल कपाटात टाकला आणि आजारपणाची सबब सांगून कंपनीकडून मुदत वाढवून घेतली. जुईली रोज वेळेवर येऊ लागली. शहाण्या माणसाने गोष्ट तिथेच संपवली असती.

पण एका संध्याकाळी ‘निघाले’ आलं आणि ती आली नाही. अंधारात मागचा डोंगर दिसेनासा झाला. फोन लागेना. मी फाटकापर्यंत जाऊन आलो, परत गेलो, परत आलो. शेवटी कपाट उघडलं. फक्त बघायचं, बटणाला हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावलं. स्वार होता. हळू चालला होता, पण सरळ चालला होता. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. काही वेळाने फाटक वाजलं, स्कूटर आत आली, आणि त्याच क्षणी डेमो संपून पहिला पडदा आला.

मग मी तो रोज लावू लागलो. जुईलीला न सांगता. तिचा मेसेज आला की मी कन्सोल चालू करायचो आणि ती घरी पोचेपर्यंत तिच्यासोबत असायचो. फाटक वाजलं की डेमो आपला आपण संपायचा, रोज तसाच. चूक होती का? ज्याचं जळतं त्याला कळतं. आईने तिला माझ्या भरवशावर पाठवलंय. जगात मला एकच बहीण आहे.

त्या संध्याकाळीही सगळं नेहमीसारखं होतं. रंभाबाई दूध ठेवून गेल्या होत्या, कुकर लावलेला होता. स्वार चढ चढत होता.

समोरून ट्रक आला.

या गेममध्ये ट्रक नाही. मोटारसायकली, कुंपणं आणि गवत, एवढंच आहे. मी तो कोपरानकोपरा पाहिलेला आहे. ट्रक ठिपक्यांचाच होता, पण रस्त्याएवढा रुंद होता, आणि स्वार हळू होत नव्हता.

माझा अंगठा बटणावर होता. दाबलं असतं तर तिची गाडी तिथेच मेली असती, ट्रकच्या तोंडाशी. नाही दाबलं तर ती चाललेलीच होती. इकडे आड, तिकडे विहीर.

मी फोन लावला. लागला नाही.

मी तिचं नाव घेतलं, टीव्हीकडे बघून.

बटण दाबलं नाही.

ट्रक आणि स्वार एका ओळीत आले आणि स्वार दिसेनासा झाला. जुन्या यंत्रांचं असं होतं. एका ओळीत फार चित्रं जमली की त्यातलं एखादं ती काढतच नाहीत. मला हे माहीत आहे. मी तेच मनात घोकत होतो.

ट्रक गेला.

रस्ता रिकामा होता.

गवत सरकत होतं, कुंपण सरकत होतं, स्वार नव्हता.

मग तो दिसला. पुढे, रस्त्याच्या मधोमध, चाललेला.

फाटक वाजलं. स्कूटर आत आली. जुईलीने हेल्मेट खुंटीला अडकवलं, ओढणी सोडली.

“असा काय बघतोयस?”

“ट्रक,” मी म्हणालो.

“कुठला ट्रक? रस्ता मोकळा होता आज.”

मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच ठेवला असेन. केस गार होते. ती हातपाय धुवायला आत गेली. कुकरची शिट्टी झाली. मी कन्सोल बंद करायला टीव्हीकडे वळलो.

पहिला पडदा आला नव्हता. स्वार चाललाच होता.

आम्ही जेवलो तरी तो चालत होता. सकाळी उठलो तरी चालत होता. खिंड मागे पडली, गेममध्ये नसलेले रस्ते येत राहिले.

याला आता बरेच दिवस झाले. जुईली हिंजवडीला जात नाही. जावंसं वाटत नाही म्हणाली, आणि कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली. ती जेवते, भांडी घासते, आईशी फोनवर बोलते. आई म्हणते, पोरीचा आवाज किती शांत झालाय. तिने माझी थट्टा केलेली मात्र मी त्या दिवसानंतर ऐकली नाही. भाजी निवडताना तिची उजवी मूठ मधूनच वळते, थोडीशी, पुढून मागे. तेव्हा मी टीव्हीकडे बघत नाही.

बटणांचा कंट्रोलर मी कपाटावर, कुणाचा हात लागणार नाही असा ठेवलाय, चार्जरची वायर लावून. त्याची बॅटरी उतरली की कन्सोल गेम आपोआप रोखतो, मग डेमो थांबेल. रिह्यात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. कंपनीचे मेल येतात, काम संपलं आहे, यंत्र परत करा. मी काहीबाही कळवत राहतो. बटण दाबलं तर कोण थांबेल, पडद्यावरचा की घरातली, हे मला ठाऊक नाही. आणि याची चाचणी घेता येत नाही. मी भित्रा माणूस नव्हतो. आता आहे.

परवा धीर करून तिलाच विचारलं, “जुई, बंद करू का गं ते?”

तिने टीव्हीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “पोचू दे.”

आज सकाळी दूध घ्यायला बाहेर आलो तेव्हा रंभाबाई पडवीतल्या स्कूटरजवळ उभ्या होत्या.

“आवो, माजी मांजरी तुमच्या गाडीवरनं उतरंना झालीया. हाकलली तरी न्हाई उटत.”

“का बरं?”

“थंडी लई पडलीया न्हवं. गाडीला ऊब असती, म्हून बसती.”

गाडी त्या संध्याकाळपासून जागची हललेली नाही. किल्ली माझ्याकडे आहे. मांजरी पाय पोटाशी घेऊन सीटवर झोपली होती. मी वाकून सायलेन्सरला बोट लावलं.

आता बोटावर फोड आलाय.