सुपरचार्जर आणि ऐनाच्या झाडाशी उतरणारा

सातव्या सिलिंडरचा पिस्टन वितळला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. काही वितळलेलं नाही. गाडी ठणठणीत आहे.

पुढचं मात्र शब्द न् शब्द खरं. तारीख १७ मे २०१८, गुरुवार. जागा कासा ते उधवा रस्ता, सायवनच्या पुढचा उतार. वेळ दुपारी पावणेदोन. भुताच्या गोष्टीला ही वेळ शोभत नाही, मला मान्य आहे. पण वेळ मी निवडली होती, आणि ती भुतासाठी निवडली नव्हती.

माझं डहाणूत गॅरेज आहे. स्कूटर, रिक्षा, मच्छीचे टेम्पो. दीपेश माझा शाळेतला मित्र. त्याच्या बाबांच्या चिकूच्या वाड्या. त्याने त्या वर्षी एक अमेरिकन गाडी घेतली. आठ सिलिंडर, दोन दारं, आणि आवाज असा की वाडीतली वटवाघळं दुपारी उठून बसायची. एवढ्यावर त्याचं भागलं नाही. त्याने सुपरचार्जर मागवला. म्हणजे पट्ट्यावर फिरणारा पंप. तो इंजिनात हवा कोंबतो आणि गाडी पिसाळते.

सुपरचार्जर बसवणं सोपं. अवघड आहे ते पेट्रोल. कोंबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत साध्या पंपावरचं पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आधीच पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसल्यासारखं. भारी पेट्रोल मुंबईत मिळतं. आमच्याकडे जे रिक्षाला मिळतं तेच हिला.

"इंजिन गेलं तर बाबा गाडी विकणार," दीपेश म्हणाला. "आणि गावभर तुझं नाव सांगून विकणार."

मी शब्द दिला. साध्या पेट्रोलवर, एकही नॉक न होता. हे जमलं असतं तर आयुष्यात पुन्हा मच्छीच्या टेम्पोखाली झोपावं लागलं नसतं.

म्हणून मे महिना, म्हणून दुपार. सगळ्यात वाईट उन्हात टिकली तर कुठेही टिकेल.

इंजिनाला एक नॉक सेन्सर असतो. कान समजा. कानाला ठोका ऐकू आला की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि पिस्टन वाचतो. मी डाव्या सीटवर, लॅपटॉप मांडीवर, पडद्यावर त्या कानाची रेष. दीपेश चालवतोय.

पहिली फेरी. रेष सपाट. सायवन गेलं. उतार आला. डावीकडे एकटं ऐनाचं झाड...

टक.

रेषेवर एकच टोक. पुढे पुन्हा सपाट.

मी ठिणगीचं टायमिंग दोन डिग्री मागे घेतलं. तिथेच टोक. मोठी पुली लावून हवा कमी केली. तिथेच टोक. थंड जातीचे प्लग लावले. हवेवर पाणी आणि मिथेनॉलचा फवारा मारला. सहा दिवस झाले. तेच झाड, तीच उंची, एक टोक.

"पेट्रोलमध्ये रॉकेल असणार," दीपेश म्हणाला.

"रॉकेल झाड बघून पेटतं का रे?"

नॉकिंग उष्णतेने होतं. ऐनाच्या झाडाने होत नाही. हे मी त्याला सांगत होतो, आणि खरं तर स्वतःलाच सांगत होतो.

सातव्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारी, मी वैतागून म्हटलं, "इंजिनच बंद कर. उतारावर नुसती सोड."

इंजिन बंद. रानातली किरकिर तेवढी ऐकू येत होती. झाड जवळ आलं...

किरकिर थांबली.

टक.

लॅपटॉपवर इंजिनाचे फेरे शून्य होते. शून्य फेऱ्यांवर नॉक. जगातल्या कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर नाही, मी शोधलंय.

गाडी पुढे मोरीजवळ जाऊन थांबली.

मागून जिव्याची जीप आली. जिव्या कासा-उधवा शेअर जीप चालवतो. त्याने बरोबर झाडाशी जीप उभी केली. डावीकडच्या बाईने उतरून दार धरलं. कोणी उतरलं नाही. कोणी चढलं नाही. बाई परत बसली, जीप निघाली आणि आमच्या बाजूला येऊन थांबली.

"काय मिस्तरी, उतरवला नाय का तेला?"

"कोणाला?"

"तुमच्याबरूबरचा."

"आम्ही दोघंच आहोत, जिव्यादादा."

जिव्याने आमच्या मागच्या सीटकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याला माझी कीव आली असावी.

"कासाला बसतो, ऐनाशी उतरतो. एक थाप मारली का थांबायचा. दोन मारल्या का निघायचा. चौदा बसतात माझ्या जीपमधी, पण मी तेराच बसवतो. आज सवयीनं थांबलो, पण थाप आली नाय."

"कोण आहे तो?"

"भाडा देत नाय. मंग नाव कशाला विचारू?"

"आवर रं, ऊन लागतंय!" जीपमधून ती बाई ओरडली. जीप गेली.

आम्ही परत कासाला गेलो. तिथून निघालो. झाडाशी टोक आलं तसा दीपेशने ब्रेक मारला.

आता दोन दारांच्या गाडीची अडचण सांगतो. मागच्याला उतरायचं तर पुढच्याने आधी खाली उतरून आपली सीट पुढे पाडावी लागते. मी उतरलो. सीट पाडली. भर उन्हात, नसलेल्या माणसासाठी दार धरून उभा राहिलो.

"काका म्हणू की दादा?" दीपेश कुजबुजला.

"गप बस."

मागच्या सीटचं दबलेलं लेदर... हळूच वर आलं.

टक. टक.

रानात किरकिर पुन्हा सुरू झाली.

इथे माझं डोकं चाललं, आणि तिथेच घात झाला. सगळी टोकं त्याची होती ना? मग माझं इंजिन पहिल्या दिवसापासून शुद्ध होतं! मी लहान पुली परत चढवली. टायमिंग पूर्ण दिलं. फवारा काढून टाकला. आणि कॉम्प्युटरला सांगितलं, या कानाचं ऐकू नकोस.

रविवारी कासाहून निघून आम्ही झाडाशी थांबलो. सीट पाडली. लॅपटॉपकडे न बघता मी दहापर्यंत आकडे मोजले, दार लावलं. दीपेशने उधव्यापर्यंत पाय उचलला नाही.

उधव्याच्या अलीकडे मागून निळा धूर यायला लागला. पहिलं वाक्य मी मागे घेतलं होतं, ते मला परत द्या.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडात मी लॅपटॉप उघडला. कॉम्प्युटर ऐकत नव्हता, पण लॅपटॉप सगळं लिहीत होता. झाडाशी एक टोक होतं. मग आम्ही थांबलेलो. मग...

दोन टोकं आलीच नव्हती.

तो उतरलाच नव्हता.

झाडापासून उधव्यापर्यंत एकेक टोक. एक्केचाळीस.

इंजिनच असेल. असणारच, पिस्टनला भोक पडलंय. पण खऱ्या नॉकिंगची टोकं लहानमोठी, वेडीवाकडी येतात. ही सगळी एका उंचीची होती. एक थाप, पुन्हा एक थाप. तो मला इंजिन वाचवायला सांगत होता, की नुसतं उतरायचं होतं आणि मी आकडे घाईत मोजले? कळत नाही. कान मीच बंद केला होता.

दीपेशच्या बाबांनी जूनमध्ये गाडी ट्रकवर चढवून गुजरातला विकली. माझं नाव सांगून. मी परत मच्छीच्या टेम्पोखाली.

दिवाळीनंतर जिव्या पंक्चर काढायला आला. चेहरा पडलेला.

"मिस्तरी, कुठं नेला तेला? आता चौदा बसवतो मी. ऐनाशी कोणी थापच मारत नाय."

मी त्याचं पंक्चर काढलं आणि कागद घेऊन बसलो. म्हणून हा अर्ज.

मा. परिवहन अधिकारी यांस,

विषय : वाहन परराज्यात गेल्याने प्रवाशाची झालेली गैरसोय.

महोदय, वर नमूद अमेरिकन वाहनात एक प्रवासी मे २०१८ पासून बसून आहे. तरी नवीन मालकास सदर वाहन कासा-उधवा रस्त्यावरील ऐनाच्या झाडाशी एकदा आणून, पुढची सीट पाडून, घाई न करता उभे करण्याचे आदेश व्हावेत. प्रवासी उतरल्याची पोच दोन थापांनी मिळेल. ती मिळेपर्यंत वाहन हलवू नये, ही नम्र विनंती.