टाकीच्या झाकणावरचं ओलं कुंकू

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण जानरावमामांसमोर हसू नका. मामा चिडत नाहीत, नुसते गप्प होतात, आणि ते जास्त वाईट असतं.

साल अडुसष्ट. वैशाखाची भर दुपार. देऊळगाव राजाहून चिखलीला जाणारा रस्ता.

मामा या रस्त्यावरच्या एका गावात पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांची दोन लेकरं जन्मताच गेली होती. दोन्ही वेळा बैलगाडी चिखलीच्या दवाखान्यात उशिरा पोचली. पंचफुलामामीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मामांनी एक जुनी फटफटी विकत घेतली. या खेपेला उशीर होऊ द्यायचा नव्हता.

पण फटफटी भारी नखरेल. थंड असताना एका किकेत चालू. तापली की... बंद.

आणि दर वेळी बाभळीच्या नाल्यापाशीच.

मामांनी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, कॉइल पाहिली. काही सापडेना. शेवटी वैतागून त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं.

हुश्श...

कोणीतरी कोंडलेला श्वास सोडावा तसा आवाज.

मामांना बिघाड कळला. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, ते बुजलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल उतरेना. दोष गरमीचा नव्हताच.

पण छिद्रात कुंकू होतं. मामांच्या घरी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून पूजा बंद.

आणि कुंकू... ओलं होतं.

ज्याच्याकडून गाडी घेतली त्या शालिग्रामला मामांनी गाठलं. तो खाली बघत म्हणाला, "गाडी आमच्या उकंडरावकाकाची. काका निघाला का अन्नपूर्णाकाकू झाकणाले कुंकू लावे. धनी सुखरूप यावा म्हणून. एका दुपारी गाडी नाल्यापाशी बंद पडली. काका ढकलत निघाला अन् ऊन लागून तिथंच गेला. मंग सालभरात काकूही गेली. लेकरू नव्हतं बिचारीले."

"अन् हे मले आता सांगून राह्यला, बे?"

शालिग्राम तसाच निघून गेला.

मामांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्यांनी छिद्र सुईनं मोकळं केलं, झाकण रॉकेलनं घासलं आणि विषय संपवला.

मग मामीच्या कळा सुरू झाल्या. नेमक्या दुपारी. एसटी थेट संध्याकाळी. मामांनी झाकण पाहिलं. लख्ख. मागच्या दाराला कडी लावून आले आणि मामीला गाडीवर बसवलं.

नाला आला...

फट्... फट्... बंद.

झुळूक नाही. पाखरू नाही. मामीचं कण्हणंसुद्धा थांबलेलं.

मामांनी झाकण फिरवलं.

हुश्श...

बोटं लाल झाली.

"पंचफुला, गाडीजवळ कोण आलं होतं?"

"तुम्ही कडी लावाले गेले तवा एक बाई आली. टाकीले कुंकू लावलं, मलेही लावलं. लय मायाळू होती."

मामांनी झाकण फेकून दिलं. टाकीच्या तोंडावर रुमाल बांधला आणि गाडी जी दामटली, ती दवाखान्याच्या दारातच थांबवली.

मुलगी झाली. रडली. मामा तिच्याहून मोठ्यानं रडले.

संध्याकाळी मामी हळूच म्हणाली, "त्या बाईनं इचारलं, तुह्या लेकराले मी खेळवू का? दारी आलेल्या बाईले नाही कसं म्हणावं? मी हाव म्हटलं."

फटफटी मामांनी भंगारात दिली. घरी येताना तिघं एसटीनं आली.

मुलगी आता सात वर्षांची आहे, शाळेत जाते. दुपारी शाळा सुटायच्या आधीच मामा फाटकाशी हजर असतात. ऊन असो, काही असो. कोणी चिडवलं तर म्हणतात, "पोरगी एकटी घाबरते."

पोरगी घाबरत नाही.

परवा तिला मी विचारलं, एकटीला भीती वाटते का, तर ती हसली.

"बाबाले उगाच वाटते," ती म्हणाली. "मी एकटी कुठं असते?"