डाव्या पायाची लचक

तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात गंधाली शिरली ती फक्त आधार कार्डाची प्रत काढायला. पण काउंटरपलीकडे बसलेल्या तरुणाच्या स्क्रीनवर नजर गेली, आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला!

चित्रातली एक इवलीशी पोरगी चालत होती. पिवळी ओढणी, डाव्या खांद्यावर कापडी पिशवी, आणि... दर डाव्या पावलाला किंचित लचक. अगदी गंधालीची! आठवीत पाय मोडल्यापासून याच चालीवरून शाळेनं तिला पिडलं होतं. आणि आता हा मेला तिचा खेळ मांडतो?

"काहून हो, लोकांच्या पायाची थट्टा करून राहिले तुम्ही?"

दुकानवाल्यांचा भाचा विहंग असा दचकून उठला की स्टूलच आडवं झालं. "थट्टा? नाही हो दीदी—"

"दीदी म्हणू नका! पुसा ते. आत्ताच्या आत्ता!"

"पुसतो... पण ऐका तर. गेम बनवून राहिलो मी, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये. चालीसाठी आठ चित्रं काढतो. आधी सरळ चालवली, तर बाहुलीच वाटे. मग तुम्ही रोज सकाळी इथून दवाखान्यात कामाला जाता ना... म्हणजे, मी काही बघत नव्हतो—"

"बघत नव्हते, अन् पिशवी बरोबर डाव्या खांद्यावर?"

त्याचे कान लाल झाले.

"गेममध्ये काय करते ती? पडते?" तिनं हळूच विचारलं.

"जिंकते. नायिका आहे ती."

गंधाली स्क्रीनकडे झुकली. तेवढ्यात पोरगी स्क्रीनवर मागं वळली, आणि ही पुन्हा भडकली. "अन् हे काय? परत येताना उजवा पाय लचकतो! पिशवीपण उजवीकडे!"

"तेच चित्र आरशासारखं उलटवलं. सगळेच उलटवतात," तो पुटपुटला. "तुम्हाले परत येताना कधी पाहिलंच नाही..."

खरंच होतं. संध्याकाळी ती ऑटोनं मागच्या गल्लीत उतरायची.

"पुसू?" त्याचं बोट बटणावर होतं, चेहरा पार उतरलेला.

"खबरदार! आळशी कुठले! आज संध्याकाळी सहाला याच रस्त्यानं येते. नीट बघा अन् काढा. चोरून नाही, वही घेऊन बाहेर उभं राहून!"

सहाला तो पायरीवर उभा होता. रिकाम्या हातानं.

"वही कुठाय?"

"आज... सोबत चालू?"

"सोबत चालून पाय कसे दिसतील?" ती फणकारली.

"नाहीच दिसणार. उद्या परत यावं लागेल तुम्हाले."

"कमालच आहे बाई या माणसाची!" गंधालीनं पिशवी डाव्या खांद्यावर सारखी केली, आणि मुद्दाम सावकाश चालू लागली.