पांढऱ्या साडीतलं शेवटचं कडवं

पांढुर्ण्याच्या त्या दुकानात आम्ही दोघांनी एकाच वेळी एकाच साडीला हात घातला. पांढरीशुभ्र, बारीक चंदेरी काठांची... आणि तसली एकच उरलेली!

"तुम्हाले काहून पायजे जी?" मी विचारलं.

तो ओशाळला. "गाण्यासाठी. मी गजेंद्र, सौंसरचा. गाण्याचा व्हिडिओ करून राहिलो. पण पांढरी साडी म्हटल्यावर हिरोईनच पळाली. तिची आई म्हणे, कुवाऱ्या पोरीनं नेसू नाही."

"मग मी नेसते ना!" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं... पाहतच राहिला. साडी मी घेतली, आणि गाणंही.

शूटिंग त्याच्या संत्र्याच्या बागेत झालं. बहार फुटला होता, फुलांच्या वासानं डोकं जड होत होतं. हिरो तो स्वतःच. शेवटच्या कडव्यात तो पांढऱ्या कुडत्यात माझ्या शेजारी उभा, समोर स्टुलावर मेणबत्ती. मी ती लावायची, हात जोडायचे.

"प्रियंका, उदास दिसा ना जी. हिरो मेला आहे. मी आता त्याचा आत्मा."

"आत्मा इतका नटूनथटून येते?"

"हासू नका... कॅमेरा चालू आहे!"

मी खूप प्रयत्न केला, पण ओठ ऐकेनात. त्याला वाटलं, काय अभिनय आहे पोरीचा! दुःखातही हसते.

गाणं युट्यूबवर आलं त्याच संध्याकाळी गल्लीतल्या शकुंतलामावशी घरात शिरल्या. "प्रमिला, पोरीचं लग्न उरकलं अन् आमाले सांगतलंही नाही?" आईला घाम फुटला. बाबा नगरपालिकेतून आले, त्यांनी मोबाईलवर सगळं गाणं पाहिलं आणि चहा मागितला. आम्ही बौद्ध. आमच्याकडे नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्ती लावूनच लग्नाला उभे राहतात.

तिकडे सौंसरला त्याच्या आईनं तेच कडवं पाहून अंथरूण धरलं. जित्या लेकाला मेलेला दाखवला, परक्याच्या पोरीला विधवा केलं!

तिसऱ्या दिवशी गजेंद्र आमच्या दारात उभा. डोळे तांबारलेले. बाबांनी खुर्ची दिली, आईनं पाणी.

"गाणं काढून टाकतो," तो खाली पाहत म्हणाला. "आई जेवून नाही राहिली. म्हणते, अपशकुन आहे."

मला राग आला. खरंच आला. भिंतीवर आईबाबांच्या लग्नाचा फोटो होता. आई पांढऱ्या साडीत, बाबा पांढऱ्या सदऱ्यात, दोघंही लाजलेले. मी तिकडे बोट दाखवलं. "हा अपशकुन आहे का जी?"

तो उठून फोटोपाशी गेला. बौद्धांची वस्ती त्याच्या घरापासून दोनच गल्ल्यांवर, पण तिथल्या लग्नाला त्याच्या घरचं कोणी कधी गेलं नव्हतं. हे त्यानंच मला बागेत सांगितलं होतं, सहज बोलता बोलता.

"म्हणजे... शूटिंगच्या वेळी तुम्हाले हे ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलल्या काहून नाही?"

आईबाबा समोर बसलेले. पण आता गप्प राहिले असते तर जन्मभर गप्पच राहावं लागलं असतं.

"बोलली असती तं तुम्ही मले दुसरा रंग दिला असता," मी म्हणाले. "तुम्ही मरण शूट करून राहिले होते. मी... मी तुमच्याशी लग्न करून राहिली होती."

आईनं पदर तोंडाला लावला. बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात गजेंद्रचा फोन वाजला. त्याची आई. त्यानं उचलला.

"आई, गाणं नाही काढत मी... रडू नको ना. त्याच्यात मी मेलो नाही." तो माझ्याकडे पाहत थांबला. "त्याच्यात माह्यं लग्न झालं. पोरगी बौद्धाची आहे, पांढुर्ण्याची. तिच्या घरीच आहो मी."

पलीकडचं रडणं थांबलं. पण फोन त्यांनी ठेवला नाही.