चौथ्या मजल्यावरची पाठमोरी

प्रत्येक गूढ शेवटी माणसाच्या मनाच्या तळाशी जाऊन पोचतं, असं वकीलसाहेबांचं ठाम मत होतं. मंगळवारी सकाळी ते स्वतःचा चष्मा शोधत होते. तो साडूंच्या बुडाखाली निघाला.

वकीलसाहेब वकील नव्हते. ते खासगी तपासाची कामं घेत. एकदा कोर्टात इतकी चोख साक्ष दिली की ते नाव चिकटलं, ते चिकटलंच. साडू मात्र खरोखरचे साडू होते. निवृत्त झाल्यापासून घरात बायकोच्या पायात येऊ नये म्हणून ते इथे, वकीलसाहेबांच्या ऑफिसात, येऊन बसत.

बेल वाजली. दारात तिशीतली एक मुलगी उभी होती. बोटांना शाई, काखेत भली मोठी फाइल.

"मी चित्रकार आहे. भयकथेचं वेबकॉमिक काढते. इंटरनेटवर, दर तीन-चार आठवड्यांनी एक पान."

"भुताचं?" साडू सरसावून बसले.

"एका इमारतीचा चौथा मजला रिकामा असतो, तरी तिथे रोज कुणीतरी दिवे लावतं. 'चौथा मजला' हेच नाव. आज एकाहत्तर पानं झाली."

तिनं टेबलावर एक कागद ठेवला आणि शेजारी मोबाईल. दोन्हीकडे एकच पान. जिना, अर्धवट उघडं दार आणि दारामागे ठार काळोख. कागदावरचा काळोख नुसता काळा होता. मोबाईलवरच्या काळोखात एक बाई उभी होती.

पाठमोरी. खांदे किंचित झुकलेले, हातात पिशवी.

वकीलसाहेबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. रेघ कुठे सुरू होते, कुठे संपते, ते कळत नव्हतं. काळोखानंच कूस बदलावी, तशी ती तिथे होती. पिशवीच्या बंदावर पडलेला ताण दिसत होता. आत काय असेल कोण जाणे, पण ते जड होतं.

"ही मी काढलेली नाही," चित्रकार म्हणाली. "आणि ती दर पानाला मोठी होते. पाठ आपल्याकडे, तरी जवळ येते. म्हणजे उलटी चालतेय."

साडूंनी पाय खुर्चीवर घेतले.

"मग तक्रार काय आहे?" वकीलसाहेबांनी विचारलं. "वाचक पळाले?"

"नऊशे होते, चाळीस हजार झाले! सगळे हिच्यासाठी येतात. आता एक प्रकाशक पुस्तक काढतोय. शुक्रवारी सही आहे, आणि करारात एक ओळ आहे: सर्व चित्रं माझ्या हातची. सही केली तर मी खोटारडी. नाही केली तर पाच वर्षं पाण्यात." तिनं स्वतःच्या शाईच्या बोटांकडे पाहिलं. "आणि झोपेत मीच काढत असले तर?"

"कागदाला आणखी कुणाचा हात लागतो?"

"तसा कुणाचाच नाही. काळं भरणं सोडलं तर रेघ न् रेघ माझी. मैत्रीण फुग्यांमधले संवाद लिहिते. धाकटा भाऊ पानं स्कॅन करून साइटवर चढवतो."

"चला," वकीलसाहेब उठले. "साडू, पाय खाली घ्या."

चित्रकाराचं घर म्हणजे एक मोठी खोली आणि तिच्या आधारानं राहणाऱ्या दोन लहान खोल्या. मोठीत टेबल, स्कॅनर आणि तयार पानांचे उथळ खण.

आधी मैत्रीण. ती संवाद लिहितालिहिताच बोलली.

"मला माणसाचं नाक काढता येत नाही, बाई कुठून काढू? पेन फुग्याबाहेर गेलं तरी तुमची ही चित्रकार अंगावर येते."

"ती सगळ्या पानांवर आहे?"

"चाळिसाव्यापासून. दोन पानं सोडून. अठ्ठावन्नावं म्हणजे भरदुपारची गच्ची, सगळं पांढरं. वाचक म्हणाले, तिला ऊन सोसत नाही. आणि बावन्नावं. ते का, कुणालाच माहीत नाही. त्यानंतर ती एकदम लांब गेली. मग परत यायला लागली. एकानं त्यावर सात पानी निबंध लिहिलाय."

"काय निष्कर्ष?"

"मृत्यू."

मग भाऊ. तो आधीच घाबरलेला होता.

"मला वाटायचं ताईच काढते! मी विचारलं नाही. ती चिडते."

"बावन्नाव्या पानाच्या आठवड्यात कुठे होतास?"

"हॉस्पिटलात, बाबांजवळ. त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ताईनं एकटीनं सगळं उरकलं तेव्हा."

"स्कॅन केल्यावर पानात काही बदल करतोस?"

"फक्त उजेड चढवतो. लोक म्हणायला लागले, मोबाईलवर नुसता काळा चौकोन दिसतो."

"कधीपासून?"

"चाळिसाव्या पानाच्या आसपास."

साडूंनी वकीलसाहेबांना असं कोपर मारलं की ते भावालाही लागलं.

खिडकीपाशी बुटक्या टेबलाजवळ चित्रकाराचे वडील बसले होते. समोरच्या पानावर ठिकठिकाणी पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या.

"लेक फुली मारते तिथे मी काळं भरतो," ते म्हणाले. "डोकं लागत नाही."

"पूर्वी काय करत होतात?"

"चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या. गिऱ्हाईक म्हणेल ते अक्षर, म्हणेल तो रंग. प्रत्येकाचं एकच म्हणणं: नाव जरा मोठं करा."

त्यांच्याजवळ शाईच्या दोन बाटल्या होत्या. एक दुकानची, लेबलवाली. दुसरी औषधाची, जुनी.

"प्रकृती बरी नसते का?" साडूंनी आपुलकीनं विचारलं.

"शाई आहे ती. काजळी आणि डिंक. पाट्यांच्या काळची सवय, घरीच घोटतो."

"नजर कशी आहे आता?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"एक डोळा झाला, दुसरा पिकतोय. ढोबळ काम जमतं."

साडूंना चहा आला होता. शेजारी पाण्याचा पेला होता. चहा उचलताना त्यांनी पेला पाडला, तो नेमका एका तयार पानावर.

चित्रकार ओरडली. भाऊ फडकं आणायला धावला. वडील मात्र पटकन उठून पानावर असे वाकले, जणू लेकराला खरचटलंय.

वकीलसाहेबांनी पान अलगद काढून घेतलं. पाणी सगळ्या काळ्यावर सारखंच सांडलं होतं. पण काळं सगळीकडे सारखं विरघळलं नव्हतं. बहुतेक भाग जागचा हलला नव्हता. मधूनच एक ओघळ उतरला होता, काजळासारखा.

"साडू," वकीलसाहेब म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडावेत कळत नाही."

"टोमणा आहे ना हा?"

"या वेळी नाही."

सगळ्यांना त्यांनी खिडकीपाशी बोलावलं.

"भावानं केलंय!" साडूंना दम निघेना. "उजेड त्यानं चढवला आणि बाई आली. तो हॉस्पिटलात गेला आणि बाई गेली. झालं!"

"ताई, शपथ सांगतो..."

"उजेड चढवून चित्र तयार होत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "असतं ते दिसतं. आता ती कुठे राहते बघा. भिंतीवर नाही, पायऱ्यांवर नाही. फक्त काळ्यात. दुपारच्या पानात काळं नव्हतं, तर तीही नव्हती. आणि तुम्ही, चित्रकारबाई, सकाळीच मला सांगितलंत: काळं भरणं सोडलं तर रेघ न् रेघ माझी. मीही ते सोडून दिलं. चूक झाली."

चित्रकारानं हळूच वडिलांकडे पाहिलं.

"बावन्नाव्या पानाच्या आठवड्यात घरात दोघं नव्हते. भाऊ परत आला तो होता तसाच. दुसरे परतले ते एक डोळा स्वच्छ करून. आणि बाई एकदम लांब गेली, म्हणजे लहान झाली. का? तर बारीक काम पुन्हा दिसू लागलं. मग दुसरा डोळा पिकत चालला, बाई पुन्हा मोठी. ती जवळ येत नव्हती. काढणाऱ्याला दिसेल एवढी होत होती."

"सात पानी निबंध," मैत्रीण पुटपुटली.

"दुकानची शाई वाळली की चकचकते, पाण्याला दाद देत नाही. घरची शाई मंद असते आणि भिजली की ओघळते. सपाट ठेवलं तर डोळ्याला दोन्ही काळ्याच. स्कॅनरचा दिवा आणि भावाचा उजेड, त्यांना फसवता येत नाही. बरोबर ना, बाबा?"

वडील फडकं घडी करत राहिले. "काळ्यावर काळं काढलं तर कोण बघणार, असं वाटलं," ते म्हणाले. "ते यंत्र बघतं, हे मला कुणी सांगितलं नाही."

"पण बाबा, का?" चित्रकाराचा आवाज चिरकला.

"अगं, चाळीस वर्षं लोकांनी सांगितलं ते काढलं. म्हटलं, एक तरी असं काढावं, जे कुणी बघणार नाही. म्हणजे कुणी मोठं करा म्हणणार नाही."

"ती आहे कोण?"

"कुणी नाही. चालायला कुणीतरी लागतं."

"आणि पाठमोरी का?"

"तोंड काढलं की कुणासारखं तरी दिसतं. मग चौकशा."

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "एक गोष्ट राहिली. ती चाळिसाव्या पानावर आली नाही. तिथे ती आपल्याला दिसली. पहिलं पान काढा."

चित्रकारानं खालचा खण उघडला. पहिलं पान पाच वर्षांपूर्वीचं. इमारतीचं दार, वर तळहाताएवढा काळोख. तिनं कागद खिडकीशी धरला आणि तिरका केला.

सगळे पुढे वाकले.

त्या तळहाताएवढ्या काळोखात अख्खं शहर होतं. उतरती गल्ली, गल्लीतले दिवे, दिव्यांखाली भिजलेले दगड, वाळत घातलेले कपडे, एका खिडकीत पडद्याआड कुणी वाकलेलं. प्रत्येक दाराला कडी होती. आणि गल्लीच्या पार टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढी, हातात पिशवी घेतलेली ती निघाली होती.

दुसऱ्या पानावर नदी होती. तिसऱ्यावर झाडं, पानन् पान वेगळं. मैत्रीण खण उघडत गेली. भाऊ जमिनीवर बसला. साडूंनी चष्मा काढून पुसला. तो वकीलसाहेबांचा होता.

"बाबा," चित्रकार म्हणाली, "पाच वर्षं मी तुम्हाला सांगत होते, कडेबाहेर जाऊ नका."

"गेलो नाही कधी," ते म्हणाले.

शुक्रवारी तिनं करारातली ती ओळ खोडून लिहिलं: चित्रं आम्हा दोघांच्या हातची. प्रकाशकानं हरकत घेतली नाही. खाली दोन सह्या झाल्या. वडिलांची सही इतकी सुंदर होती की प्रकाशकानं ऑफिसच्या पाटीचं विचारून घेतलं. नाव जरा मोठं हवं होतं.

पुस्तक चार महिन्यांनी आलं. छपाईत उजेड चढवत नाहीत आणि काळा एकच असतो. सगळ्या एकाहत्तर पानांत ती बाई कुठेही दिसत नाही.