ओळीतलं भात

समुद्रानं किनारा गिळला, तेव्हा उरणकडच्या लोकांनी मातीसकट भातखाचरंच तराफ्यांवर चढवली. बेडूकही आले बरोबर, कुणी न बोलावता. मधल्या तराफ्यावर प्रयोगशाळा. तिथे डॉ. हर्षदा गावंड 'निवडनाशक' बनवायची. फवारलं की तण मरतं, भात जगतं.

"मेलं ओळखतं कसं?" तिच्या सासूबाईंनी, यमुनाबाईंनी विचारलं.

"ओळखत नाही, आई. विष दोघांच्याही पोटात जातं. भाताकडे ते पचवणारा पाचकरस आहे, तणाकडे नाही."

"म्हणजे तुझ्या सासऱ्यांसारखं. काहीही वाढा, पचतं."

याच यमुनाबाईंनी ऋषिपंचमीच्या उपासासाठी खाचराच्या कोपऱ्यात देवभात शिंपडलं होतं. नांगराशिवाय येणारं रानभात, त्या दिवशी तेच लागतं. हर्षदानं पाहिलं, पण सणासुदीला घरात भांडण नको म्हणून गप्प बसली. मग वाऱ्यानं सोयरीक जमवली. परागकण इकडचे तिकडे गेले आणि देवभाताच्या पोरांनाही पाचकरस मिळाला. दिसायला अगदी भात, पण दाणा पिकता पिकताच चिखलात गळणारा. कापायला जा, हाती नुसता पेंढा.

"मात्रा वाढवते," हर्षदा म्हणाली.

"वाढव. माझं बियाणं शुद्ध आहे," बियाणेतज्ज्ञ डॉ. भोईर म्हणाले. भेसळ नको म्हणून घरचं बी राखायला त्यांनी सगळ्यांनाच बंदी केली होती. दरवर्षी शीतकोठीतून तेच जुनं बी निघायचं, आणि दरवर्षी औषध आणखी कडक व्हायचं.

यंदा फवारणी झाली आणि आठवड्यात खाचर बदललं. ओळीत लावलेली रोपं पिवळी पडून झोपली. ओळींच्या मधलं सगळं हिरवंगार उभं.

"औषध बिघडलं," भोईर म्हणाले.

"औषध ठणठणीत आहे, सर." हर्षदा चिखलातच बसली. "गळलेल्या दाण्यांतून दरवर्षी जे जास्त विष पचवू शकलं तेवढंच जगलं, आणि त्याचीच पोरं पुढच्या वर्षी उगवली. आपलं भात मात्र कोठीत झोपलेलं. तण पुढे गेलं, भात तिथंच राहिलं. आता औषध भात मारतं."

भोईरांनी एक मेलेलं रोप उपटलं, झटकलं आणि परत होतं तिथे खोचून ठेवलं.

संध्याकाळी यमुनाबाई प्रयोगशाळेत आल्या. "पोरांना खायला काय घालू? धान्याची बोट कधी येते?"

बोट पाठवायची की नाही, हे किनाऱ्यावरचं कार्यालय आकाशातून पीक मोजणाऱ्या उपग्रहावरच्या मापकावरून ठरवायचं. मापकाला हर्षदानंच शिकवलं होतं की फवारणीतून जगतं ते भात.

"मापक म्हणतो, खाचर तणमुक्त आहे, पीक भरघोस आहे. बोट रद्द."

"मग खोटं आहे म्हणून कळव की."

"कळवलं, आई."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तणाकडे पाचकरस नसतो, हे तुम्हीच सिद्ध केलंय, बाई."