उलट्या कडेचा राब

म्हसळ्यापासून दीड तासाच्या पायवाटेवर, टेकडीच्या माथ्यावर टेहळणीचा मनोरा आहे. वैशाखात राही तिथे वणव्यावर नजर ठेवायला बसे. खाली नदीचं खोरं, दोन्ही अंगांना आंबा-काजूच्या बागा आणि मधे भाताची खाचरं. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून जमीन भाजतात, त्या राबांचे धूर दिवसभर उठत. कुठला धूर राबाचा आणि कुठला वणव्याचा, हे तिला बसल्या जागी कळे.

त्या दुपारी तिच्या घरच्या खाचरातून धूर आला. राहीने दुर्बीण लावली. तिचे बाबा, धर्माजी, पलीकडच्या, नदीकाठच्या बांधावर उभे होते. मोतीबिंदूमुळे त्यांना हातभर अंतरावरचंही धड दिसत नसे, म्हणून राब मी रविवारी येऊन लावीन, असं तिने बजावलं होतं. आता तो एक पाठमोरी बाई लावत होती. अंगात राहीसारखाच खाकी सदरा.

राब वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकवावा लागतो. बाईने राब वारा येतो त्याच कडेने पेटवला. शेतात वाढलेलं कुणी असं करत नाही. आग थेट बाबांकडे धावणार होती. राहीने बाबांना फोन लावला.

"बाबा, आग तुझ्याकडं येतेय. नदीत उतर."

"कोन बोलतंय?"

"मी राही."

"राही हितंच हाय. माझा हात धरून हाय."

दुर्बिणीत ती बाई खरंच बांधावर होती. मधलं अंतर ती कधी चालली, ते राहीला दिसलं नाही. राही फोनवर विनवण्या करू लागली. बाबा जरा घुटमळले. मग म्हणाले, "आई जाताना काय बोलली, सांग."

दोन वर्षांमागे आई गेली त्या दिवशी राही इथेच ड्युटीवर होती. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, याचीच तिला अधिक लाज वाटे.

"मी न्हवते तिथं, बाबा."

पलीकडे कुणीतरी बोललं. आवाज राहीचाच होता.

"'राही आली का' म्हनून इचारलं तिनं. मी उशालाच होते."

"व्हय गं," बाबा म्हणाले. "तूच होतीस."

फोन बंद झाला.

राहीने परत लावला. लागला नाही.

दुर्बिणीत बाबा त्या बाईचा हात धरून धुराकडे निघाले होते, अगदी निर्धास्त. नदी त्यांच्या मागे राहिली होती.